कुसुमचं वाण, बोरीची ओटी

हातातली पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच गल्लीतल्या बायका दारात हजर. "मालूताई, पैसे पोचले का?" पोचले बायांनो, पोचले. पण आपण सांगलीत बसून जो रस्ता आखला होता त्या रस्त्यानं काही ते गेले नाहीत. एकेकीला वेगळं सांगत बसले तर माझी जीभ झडेल, म्हणून सगळ्यांसाठी एकदाच लिहिते. मी शाळेत शिवण शिकवणारी बाई. कापडाला कात्री लावताना माझा हात कधी अडत नाही, लिहिताना अडतो. चालवून घ्या.

ज्यांना आमच्या घरातलं ठाऊक नाही त्यांना आधी सांगायला हवं. कुसुम माझी धाकटी बहीण. दिवाळीच्या आधी ती गेली. अंडाशयाचा कर्करोग. ओटीपोटात आत लपून वाढतो, बाहेर काही दिसत नाही. तिचं पोट फुगायचं, दोन घास खाल्ले की पुरे व्हायचं, लघवीला सारखं जावं लागायचं. डॉक्टर म्हणाले गॅस. ती बिचारी गॅसच्या गोळ्या खात राहिली. परकराच्या नाडीची गाठ दर महिन्याला पुढं सरकत होती आणि तोंड मात्र सुकत चाललं होतं. मुंबईच्या दवाखान्यात पोचली तेव्हा उशीर झाला होता. अजूनही आठवलं की मला रडू येत नाही, राग येतो.

त्याच वॉर्डात शेजारच्या खाटेवर गयाबाई होती, परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसची. तिलाही तेच दुखणं, पण कुसुमपेक्षा लवकर सापडलेलं. दोघींनी पहिल्याच दिवशी नाडीची गोष्ट एकमेकींना सांगितली. "माजी बी गाठ अशीच सरकली बगा," असं गया म्हणाली आणि दोघी चक्क हसल्या. गयाचं ऑपरेशन झालं, सलाईनमधून द्यायच्या औषधाचे पहिले डोस झाले. बाकीचे ठरल्या तारखांना घ्यायचे होते. मध्ये खंड पडू द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी तिला माझ्यादेखत दोनदोनदा बजावलं होतं.

कुसुम गेल्यावर आपण सगळ्यांनी ठरवलं की यंदा संक्रांतीला वाण लुटायचं नाही. प्लॅस्टिकचे डबे आणि चहाच्या गाळण्या घराघरात पडून आहेत, आणखी कशाला? वाणाचे पैसे एकत्र करायचे आणि कुसुमच्या नावानं अशाच एखाद्या बाईच्या औषधाला द्यायचे. पाकिटावर मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, "कै. कुसुम हिच्या स्मरणार्थ." मग वॉर्डातल्या सिस्टरना फोन केला, तर त्या म्हणाल्या, गयाबाई तारखेला आल्याच नाहीत.

मी तिथल्या तिथं चप्पल शोधायला लागले. एक बहीण गेली ती गेली, ही दुसरी मी घरात बसून जाऊ देणार नव्हते.

ताडकळस

रात्रभराच्या एसटीचं रडगाणं गात नाही. परभणीला उतरले तेव्हा कंबरेचा काटा ढिला झाला होता. स्टँडवरचा चहा घेतला, तो इतका गोड की चमचा उभा राहावा. बाकावर शेजारी एक आजोबा बसले होते. "कुठं चाललाव बाई?" "ताडकळसला." "कामून?" आमच्याकडं अनोळखी बाईला कुणी असं 'कशाला' म्हणून विचारलं तर मी दोन शब्द सुनावले असते. इथं ते आपुलकीनं विचारतात, उत्तर मिळेपर्यंत विचारतात. मी सगळं सांगितलं. आजोबांनी बस दाखवली, कंडक्टरला माझी शिफारस केली आणि मला खिडकीजवळची जागा मिळाली.

दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन, उसाचं नावही नाही. कापूस वेचून झालेल्या पळाट्या, मधूनच तुरीचं शेत, फुलावर आलेली करडई आणि उभी ज्वारी. आमच्या कृष्णाकाठच्या हिरव्या गचपणाची सवय असलेल्या डोळ्यांना हे रान मोकळं मोकळं वाटतं. पहिल्यांदा ओकंबोकं वाटलं, मग आवडायला लागलं. लांबून येणारा माणूससुद्धा इथं आधी दिसतो.

ताडकळसचा बाजार भरला होता. बांगड्यांच्या दुकानात 'मेंढरवाले केरबा' म्हटल्याबरोबर एका पोरीनं मला गावाच्या कडेला नेऊन सोडलं. दारात गयाची सासू लोकर पिंजत बसलेली. सडसडीत म्हातारी, डोळे लखलखीत. मी नाव सांगितलं, दवाखान्याचं सांगितलं. तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि आत हाक मारली, "गया, तुज्या बिमारीतली बाई आलीय!"

गया बाहेर आली ती डोक्यावर पदर घट्ट आवळून. गालफडं बसलेली, पण मला बघून हसली तेव्हा वॉर्डातली गयाच होती. शेळीच्या दुधाचा चहा झाला. मला काही इकडचं तिकडचं बोलता येत नाही. मी विचारलं, "तारीख का चुकवलीस?"

"पोट उतरलं की ताई. आता कशाला जायाचं?"

"पोट ऑपरेशननं उतरलं. आत कणभर उरलं असेल तर त्याला औषधच मारणार. डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलं नाहीस?"

तिचा नवरा केरबा खांबाला टेकून उभा होता, शांत माणूस. तो म्हणाला, "औषध भाईरून इकत आणावं लागतंय ताई. मी म्हणलो, मेंढरं इकतो. ही इकू देईना."

"मेंढरं इकून मी जगले तर खायचं काय?" गया फटकन बोलली. "अन् न्हाई जगले तर? मंग मेंढरं बी गेली अन् मी बी गेले."

हिशोब तिचा चुकीचा नव्हता. म्हणूनच मला वाटलं, आता आपलं पाकीट काढायची वेळ आली. मोठ्या दिमाखात काढलं आणि केरबाच्या हातात ठेवलं. केरबा चौथी शिकलेला. त्यानं अक्षरांवर बोट ठेवलं आणि मोठ्यानं वाचलं, "कै... कुसुम... हिच्या... स्मरणार्थ." मग त्याचं बोट पहिल्या अक्षरावर परत येऊन थबकलं. "कै म्हंजे?"

"कैलासवासी," मी म्हणाले आणि म्हणता म्हणताच आपण काय करून बसलो ते मला कळलं.

सासू ताडकन उठली. "मेलेल्या बाईचं पैसं? ऐन संक्रांतीत? जित्या सवाष्णीच्या पदरात?" तिनं मुलाच्या हातातलं पाकीट काढून माझ्यासमोर ठेवलं, फेकलं नाही, ठेवलं. तेच जास्त लागलं. आमच्याकडं स्मरणार्थ देणं म्हणजे मोठा मान. शाळेतला पंखा स्मरणार्थ, देवळातली फरशी स्मरणार्थ. इथं एका बाईचं मरण दुसरीच्या घरात आणल्यासारखं झालं ते. आणि खरं सांगू का, त्या घरात उभं राहून मलाही तसंच वाटलं.

मी गयाकडं बघितलं. ती म्हणाली, "आत्याबाई म्हणत्यात त्याच्यासाठी न्हाई ताई. कुसुमताई माजी मैतरीण व्हती. पर हे फुकटचं हाय. भीक हाय ती. मला न्हाई चालत."

"भीक?" आता माझा पारा चढला. "वॉर्डात तूच सांगितलंस ना, भूकंप झाला तेव्हा तुमच्या गावानं ज्वारीची पोती पाठवली? तू दिलीस ना त्यात? ती भीक होती का?"

"ते येगळं."

"वेगळं कसं?"

"त्यांचं समदं गेलं व्हतं. माजं कुठं गेलंय? माजे हातपाय हायेत, मेंढरं हायेत. मी कशाला कुणाफुडं पदर पसरू?"

मी पाकीट उचलून पिशवीत टाकलं. कपाळ माझं!

संध्याकाळी केरबानं शेजाऱ्याच्या रानात हुरडा भाजला. राग आला होता तरी खाल्ला, नाही म्हणणार नाही. कोवळी कणसं आरावर भाजायची, तळव्यावर चोळून दाणे मोकळे करायचे आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, गुळाबरोबर गरम गरम तोंडात टाकायचे. सासूनं स्वतः चोळून माझ्या ओंजळीत दाणे घातले. सकाळी माझे पैसे परत केलेली बाई संध्याकाळी मला हातानं भरवत होती. मला हसूही आलं.

"बाई," ती म्हणाली, "तू चांगल्या मनानं आलीस, मला कळायलंय. मला काय सून नको झालीय का? उद्या पोखर्णीला चल. नरसिंहाला इचारू."

देवाला विचारून औषधाच्या तारखा लागत नाहीत, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण गया त्या निमित्तानं घराबाहेर पडणार होती. मी तोंडात आणखी दाणे टाकले.

पोखर्णी

नरसिंहाच्या देवळात चांगली गर्दी होती. बायका पायऱ्यांवर बसलेल्या, कुणी नैवेद्याचा डबा सोडलाय, कुणी पोराला जावळासाठी आणलंय. आमच्याकडं नरसोबाच्या वाडीला असते तशी शिस्त इथं नाही. इथं देवापुढं घरातल्यासारखं बोलतात. सासू तर सरळ भांडायलाच लागली. "माज्या सुनेचं काय वाकडं केलं व्हतं रं तुजं?" असं तिनं देवाला सगळ्यांदेखत विचारलं.

आजूबाजूच्या बायकांचे कान टवकारले. काय झालं, कशानं झालं, कुठल्या डॉक्टरकडं गेलात? सासू सांगायला लागली आणि तिनं सगळंच उलटसुलट करून टाकलं. आधी पिशवी, मग पोट, मग वारा. मी मध्ये पडून नीट सांगणार होते. शिक्षकाची सवय, 'अंडाशय म्हणजे' अशी सुरुवातही केली. बायका माझ्याकडं बघून लगेच डबे उघडायला लागल्या.

तेव्हा गया बोलली. पदर तसाच आवळलेला, आवाज बारीक.

"आयांनो, मी सांगते. माज्या परकराच्या नाडीला एक गाठ मारायची जागा व्हती. रोज तिथंच. ती जागा पुरंना झाली. मला वाटलं, अंगानं भरायलेय. पर हातातल्या बांगड्या ढिल्या व्हायल्या व्हत्या अन् नाडी आखूड. खायाला बसले की दोन घासात पोट गच्च. कंबर दुखायची. तीन जणी म्हणल्या दिवस गेले, दोघी म्हणल्या भाईरचं हाय. मी गप ऱ्हायले. तुमी गप ऱ्हाऊ नका. असं म्हयना-दोन म्हयने चाललं तर मोठ्या दवाखान्यात पोट तपासून घ्या. दरएकीला ह्योच रोग असंल असं न्हाई. पर तपासा."

डबे बंद झाले. नऊवारीतल्या एका म्हाताऱ्या बाईनं नकळत स्वतःच्या निऱ्यांच्या गाठीवर हात ठेवला. एका तरण्या बाईनं विचारलं, "दुखतंय का लय?" "पयलं न्हाई दुखत, तेच तर वाईट," गया म्हणाली. वर्गात मी इतकी वर्षं बोलतेय, पण अशी शांतता माझ्या वाट्याला कधी आली नाही.

मग त्या नऊवारीवाल्या बाईनं विचारलं, "तुजं म्हायेर कोन्तं, बाई?"

"बोरी."

"म्हायेरला ठावं हाय?"

गया खाली बघायला लागली. तिनं माहेरी फक्त 'पिशवीचं आपरेशन' एवढंच कळवलं होतं. बाकी काही नाही.

"लेकीची ओटी म्हायेर भरतंय," ती बाई सासूकडं वळून म्हणाली. "बिमार लेक, संक्रांतीचं हळदीकुंकू चालू, अन् तुमी म्हायेर सोडून इथं देवाशी भांडायलाव?"

सासूच्या डोळ्यांत जे चमकलं ते मी ओळखलं, कारण नवीन कापड समोर आलं की माझ्याही डोळ्यांत तेच चमकतं. ओटी ही काही भीक नसते. सासरचं कुणी दिलं तर सून नाही म्हणू शकते, माझ्यासारख्या परकीनं दिलं तर परत करू शकते. पण माहेरच्या बायकांनी ओटीत घातलेलं धान्य लेक परत करत नाही. ती ओटी नाकारणं म्हणजे माहेरच नाकारणं. आणि धान्य हे बायकांच्या हातातलं. रोख पैसा द्यायचा तर नवऱ्याला विचारावं लागतं, कणगीतून सूपभर ज्वारी काढायला कुणाची परवानगी लागत नाही.

"चल," सासू उठली. "बोरीला."

"मी न्हाई जायची!" गया कळवळून म्हणाली. "आत्याबाई, हे असलं डोस्कं घिऊन? हळदीकुंकवात? लोकं काय म्हणतील?"

मग मला कळलं. मेंढरांची काळजी, पैशाची अडचण, हे सगळं खरंच होतं. पण त्याच्या खाली हे होतं. औषधानं केस गेले होते, सगळे. नवरा जिवंत असताना बोडकं डोकं. ती घरातून बाहेर पडत नव्हती आणि पुढचा डोस घेतला तर जे जरा उगवू लागलं होतं तेही जाणार होतं.

सासूनं तिचा पदर नीट केला. "नरसिंहाच्या पायरीवर ठरलंय. चल म्हणलं की चल."

बोरीच्या वाटेवर

परभणीत आलो तर जिंतूरकडच्या बसचा पत्ता नाही. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव नुकतंच लागलं होतं. एका चौकात गुलाल, पेढे आणि डोळे पुसणारी माणसं, पुढच्या चौकात बंद दुकानं आणि पोलिसांच्या गाड्या. वर्षानुवर्षं मार खाऊन मिळालेल्या नावाचा आनंद मी त्या पहिल्या चौकात बघितला. एका बाईनं आम्हा तिघींच्या हातावर पेढा ठेवला. गयानं तो खाल्ला आणि म्हणाली, "चांगलं झालं बाई." एसटीवाले मात्र जपून होते. बस कधी सुटेल ते त्यांनाच माहीत नव्हतं.

वाट बघता बघता मी एक हुशारी केली. दुकानातून कोरं पाकीट घेतलं, पैसे त्यात घातले. जुनं, कुसुमच्या नावाचं पाकीट टाकून द्यायला हात होईना, ते पिशवीच्या तळाशी ठेवलं. म्हटलं, आता नावाची अडचण नको.

शेवटी एका सरकी नेणाऱ्या टेम्पोवाल्यानं आम्हाला घेतलं. पुढं सासू आणि गया, मागं सरकीच्या पोत्यांवर मी. धुळीनं माझी पांढरी साडी जमिनीसारखी झाली. एका खड्ड्यात माझी चप्पल उडाली ती मिळालीच नाही. टेम्पोवाला म्हणाला, "बोरीत मिळतीय की दुसरी." मिळाली, पण दोन्ही डाव्या पायाची. हे सगळ्यांना सांगून टाकते, कारण सासू ही गोष्ट मला जन्मभर ऐकवणार आहे.

बोरी

बोरी मोठं गाव. गयाची आई लहानपणीच वारलेली, तिला वाढवलं ते चुलतीनं, सोनाकाकीनं. सोनाकाकी विधवा. मी दारात उभी राहिले तेव्हा तिनं माझ्या कोऱ्या कपाळाकडं बघितलं, मी तिच्या. दोघींनाही कळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात हळदीकुंकू झालं. इथलं वाण बघून मला आपल्या डब्यांची आणि गाळण्यांची लाज वाटली. बोरं, गाजराचे तुकडे, उसाची कांडी, हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या. सगळं रानातून आलेलं आणि सगळं खायचं. सासूनं आदल्या संध्याकाळीच घरोघर फिरून सांगितलं होतं, "तुमच्या लेकीला मुंबईला औषधाला जायचंय. ओटी भरायला या. सूप घिऊन या." बायका आल्या होत्या, भरपूर. भिंतीशी ज्वारीनं भरलेली सुपं ओळीनं ठेवलेली.

गया पाटावर बसलेली, पदर हनुवटीखाली धरून. सोनाकाकी आणि मी मागं, जोत्याच्या कडेला. कुणी हाकललं नव्हतं. विधवेला तिथं बसायची सवय असते, पाय आपोआप तिकडं वळतात.

कुंकू लावायचं म्हटलं तर पदर मागं सरायला हवा. गया सोडेना. तिची भावजय करंडा घेऊन उभीच राहिली. बायकांत कुजबुज सुरू झाली. त्यातली एक जरा मोठ्यानंच बोलली, "अन् पिशवी काढली म्हणत्यात. कूसच न्हाई ऱ्हायली, तर ओटी कशाची भरायची?"

माझ्या तोंडावर आलं होतं, खरं सांगते, भलतंच काहीतरी आलं होतं. पण त्याआधी गया उठली.

तिनं पदर सोडला. डोक्यावर नुसती काळी खुंटं, कानामागं तीही नाहीत. एक पोर रडायला लागलं तर त्याच्या आईनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"बगा," गया म्हणाली. "हे औषधानं झालंय. पाप न्हाई, करणी न्हाई, औषध. आणखी घेतलं तर पुन्ना असंच व्हईल. कूस काढली, खरं हाय. ती ठिवली असती तर मी नसते. तुमाला लेक पायजे का कूस पायजे, ते तुमी ठरवा. मी तुमच्या दारात भीक मागाया आले न्हाई. लेक म्हणून आलेय. भरायची तर भरा. पर पयली ओटी माजी काकी भरल."

सोनाकाकी दचकली. "आगं, मी कशी? मी रांडमुंड बाई, माज्या हातानं..."

"मला न्हाऊमाखू कुणी घातलं? येणी कुणी घातली? आता मी बी बोडकीच दिसते की, तुज्यासारखी. तू न्हाई भरलीस तर मी कुणाचीच घेत न्हाई."

तिनं नाही म्हटलं असतं तर सगळंच संपलं असतं. गया उठून गेली असती आणि पुन्हा कधी दवाखान्याचं नाव काढलं नसतं, हे मला स्वच्छ दिसत होतं.

मग गयाची सासू, तीच, संक्रांतीत मेलेल्या बाईचे पैसे नको म्हणणारी, भिंतीशी गेली. एक सूप उचललं आणि सोनाकाकीच्या हातात दिलं. "भर," म्हणाली. "तुजी लेक हाय, माजी सून हाय. दुसऱ्या कुणाचं काय काम हाय यात?"

सोनाकाकीनं भरली. ज्वारी पदरात पडताना ती इतकी रडत होती की अर्धी खाली सांडली. मग भावजय आली, मग तिच्यामागची, मग रांगच लागली. ओटी कशाची म्हणणारी बाईसुद्धा आली, मान खाली घालून, आणि तिचं सूप सगळ्यात मोठं होतं. पदर भरला की गयाचा भाऊ पोत्यात रिकामा करी, पुन्हा पदर पुढं. वेशीबाहेरच्या वस्तीतल्या दोघी दाराशी थबकल्या होत्या. गयानं त्यांना नावानं हाक मारून आत घेतलं, त्यांचीही ज्वारी त्याच पोत्यात गेली. कुणाच्या भुवया उंचावल्या असतील तर असोत, बोललं कुणी नाही.

मी डोळे पुसत कडेलाच बसले होते. गयानं माझ्याकडं बघितलं.

"ताई, कुसुमताईची ओटी ऱ्हायली की."

मी उठले, उलट्या चपलेत अडखळले आणि ते कोरं पाकीट तिच्यापुढं धरलं. तिला वाचता येत नाही. तरी तिनं हात मागं घेतला.

"हे न्हाई. त्याच्यावर नाव व्हतं."

"तेच पैसे आहेत गं. पाकीट फक्त कोरं..."

"कोरं कशाला? माज्या शेजारची बाई बिननावाची हाय का? नावाचं आणा."

पिशवीच्या तळातून जुनं पाकीट काढलं. चुरगळलं होतं, सरकीचा वास लागला होता. पैसे परत त्यात घातले. आणि आता माझी नजर सासूकडं गेली, कारण ती पुढं आली होती. तिनं पाकीट माझ्या हातातून घेतलं, डोळ्यांजवळ धरलं. "केरबाचं बोट ह्या अक्षरापाशी अडकलं व्हतं ना?" असं म्हणाली. करंड्यात बोट बुडवलं आणि त्या 'कै.' वर कुंकू फासलं, जाड, अक्षर पार झाकेपर्यंत. मग पाकीट मला परत दिलं.

मी विधवा बाई. त्या दिवशी मी ओटी भरली. कुसुमच्या वतीनं आणि तुम्हा सगळ्यांच्या वतीनं. गयानं पदर घट्ट धरला होता.

"नीट धर गं," सासू म्हणाली. "सांडल."

परत

ज्वारी बोरीतच विकली, एक पोतं ठेवून. ते आमच्याबरोबर मुंबईला आलं, कारण धर्मशाळेत राहायचं तर भाकरी लागतेच आणि गयाला विकतचं पीठ पसंत नाही. मेंढरं जिथली तिथं आहेत. डोस झाला. चुकलेल्या तारखेबद्दल डॉक्टर रागावले, मग म्हणाले, आता चुकवू नका. ओकाऱ्या झाल्या, डोक्यावरची खुंटंही गेली. यावेळी तिनं डोकं झाकलं नाही.

गया बरी होईल का, असं तुम्ही विचाराल. मला माहीत नाही. डॉक्टरही शब्द देत नाहीत. पण तारखा चुकणार नाहीत, हे मी लिहून देते. बोरीच्या बायकांनी त्या दिवशी उठायच्या आधी उरलेल्या तारखा वाटून घेतल्या, एका गल्लीकडं एका तारखेचा खर्च. सोनाकाकीनं सगळ्यांना बजावलंय की हे गयापुरतं नाही. ती उठून उभी राहिली की पुढची ओटी दुसऱ्या कुणाची, आणि जिची नाडी आखूड व्हायला लागलीय तिनं लाजायचं नाही, आधी काकीला सांगायचं.

त्यातली एक तारीख मी आपल्या गल्लीसाठी मागून घेतलीय, तुम्हाला न विचारता. कुणाची तक्रार असेल तर माझ्याकडं यावं, मी घरीच आहे.

मुंबईला निघताना परभणीच्या स्टँडवर सासूनं माझा हात धरला. तिच्या पिशवीत माझ्यासाठी बोरीच्या चांभाराकडून करून आणलेली उजव्या पायाची चप्पल होती. "बाई," ती म्हणाली, "फुडच्या येळंला पाकिटावर नाव ल्ही. पर ते पयलं अक्षर नको घालूस. ती बाई आमच्या गयाच्या ओटीत हाय आता."

मग काय लिहू, मी विचारलं.

"नुसतं कुसुम ल्ही."